वृक्षांचे नववर्ष

निष्पर्ण झाड वाळले आहे की विसावले आहे, हे नुसते पाहून सांगता येत नाही. माणसांच्या बाबतीत मात्र हा निवाडा आपण चटकन करून मोकळे होतो.

ज्यूंच्या मिश्ना या प्राचीन धर्मसंहितेत चार नववर्षे सांगितली आहेत. त्यांतील एक वृक्षांचे. ते जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास, शबाट महिन्यात येते. शम्मायच्या शिष्यांनी त्यासाठी महिन्याचा पहिला दिवस धरला, हिल्लेलच्या शिष्यांनी पंधरावा. रूढ झाला तो पंधरावा. मुळात हा उत्सव नव्हता. फळांचा दशमांश कोणत्या वर्षाच्या खाती धरायचा, एवढ्यापुरती ती तिथी होती. मात्र तालमूदने दिलेले तिचे कारण विचार करायला लावते. त्या भूमीत पाऊस हिवाळ्यात पडतो आणि तोवर वर्षाचा बहुतेक पाऊस पडून गेलेला असतो. बदाम तेवढा फुलू लागतो. इतर बरीच झाडे उघडीच असतात. म्हणजे झाडाचे नवे वर्ष मोजायचे ते फळापासून नव्हे, मुळांपर्यंत पोहोचलेल्या पाण्यापासून!

काही वर्षांपूर्वी आमचा एक आप्त व्यसनमुक्तीचे उपचार घेऊन घरी परतला. ‘‘बघू, किती दिवस टिकतं ते,’’ असे आम्ही त्याच्या देखतच म्हणालो. त्याने मान खाली घातली. ती आम्हांला अजून दिसते.

फळांवरून झाड ओळखावे, असे प्रभूनेच सांगितले नाही काय, असे कोणी विचारील. खरेच आहे. परंतु त्याच प्रभूच्या दाखल्यातील माळी निष्फळ अंजिरासाठी आणखी एक वर्ष मागून घेतो आणि त्याच्याभोवती खणून खत घालण्याची जबाबदारी स्वतःवर घेतो. लेवीय ग्रंथानुसारही नव्या झाडाची फळे पहिली तीन वर्षे खायची नसतात. विश्वास टाकणे म्हणजे तिजोरीची किल्ली हाती देणे नव्हे. फळ येईपर्यंत झाडाला पाणी देणे, एवढेच आपल्याकडून अपेक्षित आहे.

यिर्मयाला देवाने बदामाची डहाळी दाखवली. हिब्रूत ‘बदाम’ आणि ‘जागा राहणारा’ हे शब्द जवळजवळ सारखेच आहेत. आपल्याला झाड निजलेले दिसते, तेव्हाही देव जागा असतो.

आपल्या कोकणातील मराठी भाषक बेने इस्रायल बांधव याच दिवशी एलिया संदेष्ट्याचे स्मरण करून मलिदा अर्पण करतात. अलिबागजवळच्या खंडाळे गावी जमतात. तेव्हा आंब्याला मोहर असतो. त्यातला किती टिकेल, हे बागायतदारालाही ठाऊक नसते. तरी तो पहाटे उठून बागेत जातो. आपल्या घरातील परतलेल्या माणसासाठी आपण एवढे तरी करतो काय?