उत्तर न छापलेले प्रयोग

देवास म्हटलं की मराठी माणसाला कुमार गंधर्व आठवतात आणि धार म्हटलं की पवारांचं संस्थान. या दोन्ही जिल्ह्यांतल्या सरकारी शाळांमधून एके काळी सहावी ते आठवीच्या मुलांच्या हाती ‘बाल वैज्ञानिक’ नावाचं विज्ञानाचं पुस्तक असायचं, हे मात्र आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही. पुस्तक विचित्रच होतं. प्रयोग कसा मांडायचा ते त्यात दिलेलं असे, प्रश्नही असत, पण उत्तरं नसत. मुलांनी टोळ्या करून प्रयोग करायचा, दिसलं ते वहीत लिहायचं, मग वर्गात एकमेकांशी वाद घालायचा आणि त्यातून काय हाती लागतं ते पाहायचं. परीक्षेला पुस्तक सोबत न्यायची मुभा होती. उत्तरंच छापलेली नाहीत म्हटल्यावर कॉपी कशाची करणार?

१९७२ साली किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत हे काम सुरू केलं. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ने ते पुढे माळव्यात आणलं. २००२ मध्ये सरकारने कार्यक्रम बंद केला. तीस वर्षं हे चाललं, आणि तेही प्रयोगशाळेची खोली नसलेल्या खेड्यांतल्या शाळांत.

म्हणूनच ‘घरच्या घरी करता येतील असे सोपे प्रयोग’ या मथळ्याखाली जे काही येतं, ते वाचताना माझं मन थोडं खट्टू होतं. सोपं म्हणजे काय, तर साहित्य घरात असावं. हा प्रश्न सुटून जमाना झाला. पुण्यात टेल्कोत नोकरी करणारे अरविंद गुप्ता १९७८ मध्ये रजा घेऊन होशंगाबादच्या या कामात गेले आणि आगपेटीतल्या काड्या नि सायकलची व्हॉल्व्हची नळी एवढ्यावर त्यांनी भूमिती उभी केली. काड्यांचा त्रिकोण ताठ राहतो, चौकोन लगेच कलतो. पूल बांधणाराही याच त्रिकोणाचा आधार घेतो. साहित्य कधीच अवघड नव्हतं. अवघड आहे ते घरातल्या मोठ्या माणसाने गप्प बसणं.

खायचा सोडा आणि व्हिनेगरचा ज्वालामुखी घ्या. फेस येणार हे आईला माहीत, बाबांना माहीत, मोबाइलवर आधीच पाहिल्यामुळे पोरालाही माहीत. फेस येतो, टाळ्या पडतात, ओटा पुसला जातो. गंमत म्हणून ठीक आहे, पण त्याला प्रयोग का म्हणावं? त्या घरात ‘असं का झालं नाही?’ हा प्रश्न यायला जागाच ठेवलेली नसते.

त्यापेक्षा बाजाराच्या पिशवीतून मेथीची मुळासकट जुडी काढावी, सोबत पातीचा कांदा घ्यावा. मेथीचं पान उजेडासमोर धरलं की शिरांची जाळी दिसते आणि खाली एक सोटमूळ, त्याला बारीक फाटे. कांद्याच्या पातीत शिरा उभ्या, एकमेकींना समांतर आणि खाली पांढऱ्या तंतूंचा झुबका. कोथिंबीर मेथीसारखी, लसूण कांद्यासारखा. परसातलं गवत उपटा, शेजाऱ्याच्या शेतातला हरभरा आणि गहू पाहा, तेच. अर्ध्या तासात मूल नियम सांगतं: जाळीदार पान तर सोटमूळ, समांतर शिरा तर तंतूमुळं. आणि मग त्याची नजर न्हाणीघराच्या पाण्यावर माजलेल्या अळूवर जाते. पानाला शिरांची ठसठशीत जाळी, उपटलं तर कंदाला तंतूच तंतू. नियम तिथेच मोडला.

या क्षणी ‘अळूचं सोड रे, तो अपवाद आहे’ असं म्हणणारा पालक सगळ्यावर पाणी ओततो. अपवाद हा शब्द फार लवकर हाताशी येतो. किती झाडं पाहिली होती? अळूसारखं आणखी काय सापडतं? मुळं नि शिरा सोडून बियांकडे पाहिलं तर? वनस्पतिशास्त्र अळूला कांद्याच्याच, एकदल वर्गात ठेवतं, पण त्याचं उत्तर दिवाळीच्या सुट्टीपर्यंत थांबलं तरी काही बिघडत नाही. तोवर मुलाने वहीत लिहावं: नियम, आणि खाली अळू.

दुसरा प्रयोग खास धार-देवासकरांचा. ‘बाराला सूर्य डोक्यावर येतो’ हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. मुलाने उन्हात काठी रोवून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकावर खूण केली, तर जूनमध्ये देवासला सर्वांत आखूड सावली साडेबाराच्या जरा आधी पडते, कारण आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचं आहे आणि देवास बरंच पश्चिमेला. शिवाय सूर्य खरोखर माथ्यावर येतो तो वर्षातून दोनच दिवस. दोन्ही गावं कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेला असल्यामुळे हे दिवस जूनच्या पहिल्या पंधरवड्यात आणि जुलैच्या सुरुवातीला येतात. जुलैत ढग असतात, म्हणजे भरवसा जूनचाच, आणि तेव्हा शाळा बहुधा बंद असते. काम घरीच करावं लागणार.

धार देवासपेक्षा सुमारे तृतीयांश अंश दक्षिणेला आहे, म्हणून तिथे जूनमधला हा दिवस चार-पाच दिवस आधी येतो. धारच्या आत्याच्या मुलाने आणि देवासच्या मामाच्या मुलाने फोनवरून हे ताडून पाहायला हरकत नाही. पण काठीने जमणार नाही. सूर्य ठिपका नसून चकती आहे, त्यामुळे मीटरभर काठीच्या सावलीची कड सुमारे ९ मिलिमीटर पुसट होते आणि दोन गावांतला फरक त्यात बुडून जातो. त्याऐवजी जाड पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडावं, पुठ्ठा जमिनीपासून मीटरभर उंचीवर आडवा बांधावा, भोकातून ओळंबा सोडून खाली खूण करावी. ओळंबा काढला की उजेडाचा छोटा गोल जमिनीवर पडतो. सूर्याकडे बघायचं काम नाही, गोलाचं केंद्र तेवढं टिपायचं. धारला ज्या दिवशी भर माध्यान्ही हे केंद्र खुणेवर बसेल, त्या दिवशी देवासला ते सुमारे ६ मिलिमीटर बाजूला असायला हवं. कुठल्या बाजूला, ते इथे लिहीत नाही.