पाच घरी न पोहोचलेला निरोप

मेहकरच्या एका लहानशा मंडळीत पाळकसाहेबांची बदली झाली. त्यांच्या निरोपाच्या उपासनेला मी गेलो होतो. पुण्या-मुंबईला कामाला गेलेल्या पोरांच्या जागा बाकांवर रिकाम्या दिसत होत्या. दानार्पणाच्या थैलीत दहा-वीसच्या नोटा पडत होत्या. मंडळीत वाद पेटलेला असल्याने पाच घरं आलीच नव्हती. पाहुण्या उपदेशकांनी नेमकं त्यांच्यावरच बोट ठेवलं. सेवकाच्या विरोधात जे उठतात, त्यांचा आशीर्वाद देव रोखून धरतो, असं ते म्हणाले. पुढच्या बाकांवरून ‘आमेन’ आलं. मला ते सहन झालं नाही.

आशीर्वाद हा काही सेवकाच्या खिशातला माल नव्हे, की आवडत्याला द्यावा आणि नावडत्याचा अडवावा.

अहरोनाने इस्राएलाला द्यायचा आशीर्वाद आपल्या सगळ्यांना पाठ आहे. 1979 साली यरुशलेमजवळच्या थडग्यांत चांदीच्या पत्र्याच्या दोन इवल्याशा गुंडाळ्या सापडल्या. त्यांवर त्याच आशीर्वादाचे शब्द कोरलेले होते. त्या सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या. अंगावर ताईत म्हणून बांधलेल्या असाव्यात. ताईत ज्याचा त्याचा असतो, आणि मूळ हिब्रूत तो आशीर्वादही ‘तुला’ असाच आहे, एकवचनी. पुढे रोमच्या मंडळीत उपासना संपल्यावर लोकांना घरी पाठवण्याचा जो लॅटिन शब्द होता, त्यावरून अख्ख्या उपासनेलाच ‘मिस्सा’ हे नाव पडलं. आपल्या तोंडातला ‘मिशन’ही त्याच धातूतून आला, म्हणजे पाठवणं. इथवर वाद नाही.

वाद आहे तो पौलाबद्दल. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी कृपा, प्रीती आणि सहभागिता असे तीन शब्द येतात. दर रविवारी पाळकसाहेब हात वर करून ते म्हणतात, तेव्हा आपण खाली मान घालून मोटारसायकलची किल्ली चाचपत असतो. जाणती माणसंसुद्धा सांगतात की कडक पत्राचा हा गोड शेवट आहे, रागावून झाल्यावर पाठीवरून फिरवलेला हात. मला हे वाचन साफ चुकीचं वाटतं.

करिंथची मंडळी कशी होती ते आठवा. मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा, असे तट पडलेले. भाऊ भावाला कोर्टात खेचत होता. प्रभुभोजनाला पोटभर खाऊन बसलेले श्रीमंत, आणि उपाशी राहिलेले गरीब. शिवाय याच मंडळीतले काही जण पौलाला नावं ठेवत होते, की पत्रं भारी लिहितो, समोर आला की काहीच नाही. पत्राचे शेवटचे चार अध्याय म्हणजे त्यांना दिलेलं रोखठोक उत्तर. तिसऱ्यांदा येतोय, आल्यावर गय करणार नाही, आधी स्वतःची परीक्षा करा, असं तो बजावतो. मग सुधारा, एकमनाचे व्हा, शांतीने राहा. आणि लगेच तो आशीर्वाद, ‘तुम्हा सर्वांबरोबर’.

‘सर्वांबरोबर’ या शब्दावर माझा सगळा भार आहे. बहुतेक पत्रांच्या शेवटी पौल फक्त कृपा मागतो. सगळ्यांत भांडकुदळ मंडळीला मात्र त्याने तिन्ही दिल्या. निंदा करणाऱ्यांना वगळलं नाही, की आधी माफी मागा असंही म्हटलं नाही. आणि तिसरा शब्द सहभागिता. ती एकट्याला मिळूच शकत नाही. शेजारच्या बाकावरच्या नावडत्या माणसाला ओलांडून ती घेता येत नाही. म्हणून पत्रातलं सगळ्यांत कठीण वाक्य मला हेच वाटतं. अहरोनाच्या ‘तुला’पासून पौलाच्या ‘तुम्हा सर्वां’पर्यंतची ही वाट आपण फक्त पाठांतराने चाललो.

मराठीत ती चाललेला माणूस आपल्याजवळ होता. 1917 साली नारायण वामन टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. लोक याला फारकत म्हणतात. ज्या मंडळींचा त्यांनी निरोप घेतला, त्या आजही त्यांचीच गीतं गातात. फारकत झालेल्या माणसाची गीतं कोण गातं?

त्या दिवशी मेहकरला पाळकसाहेब शेवटी उठले. उपदेशकांना काही बोलले नाहीत. हात वर केले, आवाज जरा कापला, आणि ‘सर्वांबरोबर’ हा शब्द त्यांनी दोनदा म्हटला. बाहेर चपला घालताना कुणी त्याबद्दल बोललं नाही. सलाम झाले, चहा झाला, गाडी पैनगंगेकडे वळली.

आपल्या भाषेत निरोप घेतातही आणि निरोप पोहोचवतातही. पाळकसाहेबांनी घेतला. त्यांचा दोनदा उच्चारलेला शब्द त्या पाच घरी मात्र अजून गेलेला नाही. मंडळीतल्या वडिलांना माझी हात जोडून विनंती आहे, येत्या रविवारच्या आधी तो नेऊन द्या.