ओळखीच्या जोरावर शस्त्रविक्री

9 ऑगस्ट 2018 रोजी येमेनमधल्या दहयान गावच्या बाजारात सहलीला निघालेल्या शाळकरी मुलांची बस थांबली होती. सौदी नेतृत्वाखालील आघाडीच्या विमानाने तिच्यावर बॉम्ब टाकला. 40 मुले गेली. सापडलेल्या तुकड्यांवरच्या क्रमांकांवरून तो अमेरिकेच्या लॉकहीड मार्टिन कंपनीने बनवलेला, सुमारे 227 किलोंचा एमके-82 बॉम्ब असल्याचे शस्त्रतज्ज्ञांनी सांगितले.

असा बॉम्ब नुसता पैसा मोजून मिळत नाही. 1976च्या कायद्याप्रमाणे मोठ्या शस्त्रविक्रीची सूचना अमेरिकी सरकारने काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, आधी द्यावी लागते. हरकत घ्यायला साधारणपणे 30 दिवस मिळतात, नाटो देश आणि काही जवळच्या मित्रदेशांच्या बाबतीत 15. एवढ्या दिवसांत फाइल कोणाच्या टेबलावर आहे, कोणता सिनेटर डळमळीत आहे, कोणाचा सहायक फोन उचलतो, हे ज्याला ठाऊक त्याचे मोल वाढते. आणि हे सगळ्यात चांगले ठाऊक असते, ते काल त्याच इमारतीत बसलेल्या माणसाला.

बक मॅककिऑन अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या सशस्त्र सेवा समितीचे अध्यक्ष होते. जानेवारी 2015 मध्ये ते निवृत्त झाले, स्वतःची लॉबिंग कंपनी काढली आणि पुढे सौदी अरेबियाचेही काम घेतले. शस्त्र कंपन्यांची कामे होतीच. यात बेकायदा काही नव्हते, आणि मला खटकते ते नेमके हेच.

उलट दिशेनेही माणसे येतात. मे 2019 मध्ये ट्रम्प सरकारने आणीबाणीचे कारण दाखवून काँग्रेसला वळसा घातला आणि सौदी अरेबिया, अमिराती व जॉर्डनला 8.1 अब्ज डॉलरची शस्त्रे देण्याचा मार्ग मोकळा केला. त्या सुमारापर्यंत परराष्ट्र खात्यात काँग्रेसशी संपर्काचे काम सांभाळणारा अधिकारी पूर्वी रेथिऑन या शस्त्र कंपनीसाठी लॉबिंग करत असे. या व्यवहारांत रेथिऑनचे बॉम्बही होते.

नियम नाहीत असे नाही. वरिष्ठ अधिकाऱ्यांना पद सोडल्यावर वर्षभर परकी सरकारची बाजू मांडता येत नाही. 2017च्या एका कायद्याने तीन आणि चार तारांकित सेनाधिकाऱ्यांना संरक्षण खात्यात लॉबिंग करायला दोन वर्षे मनाई केली. पण शस्त्रांचे करार वर्षानुवर्षे चालतात. एक-दोन वर्षे थांबणे कोणालाही परवडते. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी 1993 मध्ये आणि ट्रम्प यांनी 2017 मध्ये आदेश काढून परकी सरकारांसाठी काम करण्यावर आपल्या नेमणुकीच्या अधिकाऱ्यांना जन्मभर बंदी घातली होती. दोघांनीही ती पायउतार होता होता स्वतःच मागे घेतली. माणसे बाहेर पडायची वेळ आली आणि बंधन उठले.

अशी कायमची बंदी घातली तर अनुभव वाया जाईल, उपजीविकेचा हक्क हिरावला जाईल, असे आक्षेप घेतले जातात. पहिल्यात तथ्य आहे. म्हणूनच या माणसांनी शिकवावे, लिहावे, कारखान्यात तांत्रिक काम करावे. त्याला कोणाची ना नाही. परंतु सरकारी पदावर मिळालेली ओळख परकी सरकारला किंवा शस्त्र कंपनीला भाड्याने देणे हा उपजीविकेचा हक्क होत नाही. निवृत्तीवेतन जनता देतेच.

राष्ट्राध्यक्षांच्या आदेशांवर विसंबून चालणार नाही हे दोनदा दिसले आहे. ज्यांनी शस्त्रविक्रीच्या फाइली हाताळल्या, त्यांना त्या विषयात परकी सरकारसाठी लॉबिंग करायला कायमची मनाई हवी, आणि ती कायद्यातच हवी. तो कायदा काँग्रेसनेच करायचा आहे, आणि त्यात स्वतःच्या माजी सदस्यांनाही धरायचे आहे.