देह वाचला, मनाचे काय?



आजाऱ्यांची भेट घेण्याची रीत आपल्या मंडळ्यांत जुनी आहे. उपासना आटोपली की पाळकसाहेब, एखाददुसरे वडील आणि महिला मंडळाच्या भगिनी रुग्णालयात जातात, खाटेजवळ उभे राहून प्रार्थना करतात, उशाशी दोन संत्री ठेवतात आणि घरी परततात. पांढुर्णा व सौंसर हा संत्र्यांचाच मुलूख, तेव्हा संत्र्यांची येथे वाण नाही. वाण आहे ती दुसऱ्याच गोष्टीची. ती कोणती, हे आम्हांला एका मुलामुळे कळले, आणि कळायला उशीर झाला.

सौंसरकडच्या एका खेड्यातील हा तरुण. शेतात फवारायचे औषध त्याने पोटात घेतले होते. डॉक्टरांनी व परिचारिकांनी दोन रात्री डोळ्यांत तेल घालून त्याला वाचवले. पोलीस जबाब घेऊन गेले. घरच्यांनी ‘चुकून घेतले’ असे सांगितले आणि सर्वांनीच ते मान्य केले. आम्हीही गेलो, प्रार्थना केली, फळे ठेवली. चौथ्या दिवशी त्याला घरी सोडले. निघताना त्याची आई व्हरांड्यात एवढेच बोलली, “पोटातलं औषध काढलं जी डॉक्टरसायबांनं, मनातलं कोन काढन?”

त्या माउलीला उत्तर देणारे त्या इमारतीत कोणी नव्हते. आम्हीही नव्हतो, कारण आम्ही पुन्हा गेलो नाही. पुढच्या पोळ्याच्या आत तो मुलगा गेला.

तेव्हापासून आम्ही स्वतःला एक प्रश्न विचारीत आलो आहो. ज्या घरात माणसाचा देह बरा करतात, त्या घरावर त्याच्या मनाचेही ऋण आहे काय? असल्यास ते फेडावे कोणी?

प्रथम शब्दांचा घोळ दूर करू. मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकीय डॉक्टर असतो. तो औषधे देतो. मानसशास्त्रज्ञ औषधे देत नाही. तो ऐकतो, नेमके प्रश्न विचारतो, गरज पडल्यास चाचण्या घेतो आणि विचारांची व सवयींची गाठ सोडविण्याचे काम रोग्याबरोबर बसून, ठरलेल्या वेळी, पुनःपुन्हा करतो. रुग्णालयातील कामासाठी त्याला पदव्युत्तर शिक्षणानंतर वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागते आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे नाव नोंदवावे लागते. म्हणजे ‘गोड बोलून धीर देणारा माणूस’ एवढीच त्याची ओळख नव्हे.

त्याचे काम केवळ जीव देऊ पाहणाऱ्यांपुरतेही नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये गोटमार होते. शेकडो माणसे जखमी होतात. त्यांच्यासाठी उपचाराची केंद्रे आधीच उभारलेली असतात. डोक्याला टाके पडतात, पट्टी बांधली जाते. परंतु ज्याचा डोळा गेला त्याने उद्या आरशात कसे पाहावे, हे टाके घालणारा सांगू शकत नाही, आणि त्याच्यापाशी तेवढा वेळही नसतो. ज्या बाईचे मूल जन्मताच गेले, ज्याचा पाय मधुमेहाने कापावा लागला, ज्याला कर्करोगासाठी पांढुर्ण्याहून सुमारे शंभर किलोमीटर दूर नागपूरला वाऱ्या कराव्या लागतात, त्या प्रत्येकाच्या कागदावर रोगाचे नाव असते. त्याच्या भीतीचे नाव मात्र कोठेच लिहिलेले नसते.

यावर तीन आक्षेप आम्ही ऐकले आहेत. तिन्ही विचार करण्याजोगे आहेत.

पहिला असा की, हे काम पाळकाचे आहे. देवावर विश्वास असणाऱ्याला मानसशास्त्रज्ञ कशाला? आम्ही विचारतो, मोडलेल्या हाडासाठी आपण अस्थितज्ज्ञाकडे जातो तेव्हा विश्वास कमी पडतो काय? एलीया संदेष्टा रानातील झुडपाखाली मरण मागत बसला, तेव्हा देवाने त्याला आधी दटावले नाही. आधी झोप दिली, भाकर दिली, पाणी दिले आणि पुढची वाट लांब आहे हे ओळखून पुन्हा भाकर दिली. बोलणे नंतर झाले. ईयोबाचे मित्र सात दिवस मुकाट्याने त्याच्याजवळ बसले, तोवर ते खरे मित्र होते. तोंड उघडून त्याला कारणे सांगू लागले तेव्हा बिघडले. आपल्यापैकी किती जण खाटेजवळ जाऊन कारणे सांगतात! पाळक क्षमेचे आणि आशेचे वचन देतो. ते काम दुसरा करू शकत नाही. परंतु दुःख कोठे संपते आणि आजार कोठे सुरू होतो हे ओळखण्याची विद्या वेगळी आहे. ती न शिकता आपण ती असल्यासारखे वागलो, तर तो विश्वास नव्हे, धाडस होय.

दुसरा आक्षेप पैशाचा. जेथे डॉक्टरांच्याच जागा भरत नाहीत, तेथे मानसशास्त्रज्ञ म्हणजे चैन नव्हे काय? याला उत्तर देताना एक पाहणी आठवते. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत ती केली. आपल्या देशातील चेन्नई हे त्यांपैकी एक ठिकाण होते. जीव देण्याचा प्रयत्न करून रुग्णालयात आलेले १८६७ लोक तीत होते. निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांशी घरी जाण्याच्या सुमारास एक तासभर बोलणे झाले आणि पुढील दीड वर्षात नऊ वेळा फोन करून किंवा भेटून त्यांची विचारपूस केली गेली. २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी १८ जण आत्महत्येने गेले होते. विचारपूस झालेल्यांपैकी २. एका पाहणीने सारेच सिद्ध होते असे नाही. तरी एक तास आणि नऊ भेटी हा खर्च फार मोठा आहे, असे म्हणण्याचे धैर्य आम्हांला होत नाही. आम्ही त्या मुलाला एकच भेट दिली होती.

आणि हे फक्त चेन्नईसारख्या शहरात जमते असेही नाही. पांढुर्ण्याला लागूनच असलेल्या अमरावती जिल्ह्यातील ३० खेड्यांत ‘विश्राम’ नावाचा उपक्रम झाला. गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवून, त्यांच्यामागे समुपदेशक व मनोविकारतज्ज्ञ उभे करून, उदासीनतेच्या आजाराची काळजी घेतली गेली. दीड वर्षात उपचारापर्यंत पोहोचणाऱ्या आजाऱ्यांचे प्रमाण शंभरांत सुमारे ४ वरून २७ वर गेले. २०१७ साली हे प्रसिद्ध झाले. आपल्याच राज्यात सीहोर जिल्ह्यातील सामुदायिक आरोग्य केंद्रांत ‘मनकक्ष’ उघडून असाच प्रयत्न झाला. तेव्हा प्रत्येक तालुक्याला मोठा तज्ज्ञ बसविता येत नसला, तरी शिकविणारा आणि चुका दुरुस्त करणारा एक मानसशास्त्रज्ञ जिल्ह्याला असला, तर अनेक हात कामाचे होतात.

तिसरा आक्षेप लाजेचा, आणि तोच सर्वांत जड आहे. लहान गावात कोण कोणत्या खोलीत गेला हे संध्याकाळपर्यंत बाजाराला कळते. मुलीचे लग्न मोडेल, मुलाला वेडा म्हणतील, म्हणून ‘चुकून घेतले’ हे खोटे सांगितले जाते. पूर्वी तर कायद्याचीही भीती होती. जीव देण्याचा प्रयत्न हा १८६० च्या दंडसंहितेप्रमाणे गुन्हा होता. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ मध्ये अमलात आला. असा मनुष्य तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरावे, त्याला शिक्षा करू नये आणि तसा प्रसंग पुन्हा येऊ नये म्हणून शासनाने त्याची काळजी घ्यावी, असे त्या कायद्याने ठरविले. रोग्याची गोष्ट गुप्त ठेवण्याचा हक्कही त्याच कायद्याने दिला. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्यायसंहितेत ते जुने कलम राहिले नाही.

म्हणजे कायद्याने दगड खाली ठेवला आहे. आमचा प्रश्न असा की, मंडळीने ठेवला आहे काय? प्रार्थनेच्या निमित्ताने आपण दुसऱ्याची गोष्ट चार घरी पोहोचवीत नाही काय? ‘अमुकासाठी प्रार्थना करा, त्याने असे असे केले’ असे म्हणणे, हे प्रार्थनेच्या कपड्यातले चहाडखोरपण आहे. मानसशास्त्रज्ञ आपल्या धंद्याचा नियम म्हणून जेवढे गुप्त ठेवतो, तेवढे तरी आपण प्रीती म्हणून ठेवावयास नको काय?

दयाळू शोमरोन्याची गोष्ट आपण शब्बाथशाळेत मुलांना शिकवितो. तेल, द्राक्षारस, पट्टी आणि जनावर, हे मुलांच्या ध्यानात राहते. परंतु गोष्टीचा शेवट आपण घाईने उरकतो. तो मनुष्य जखमी माणसाला उतारशाळेत पोहोचवून मोकळा झाला नाही. ज्याला ते काम येत होते त्याच्या हाती त्याने त्याला सोपविले, खर्च दिला आणि परत येईन म्हणून सांगितले. सोपविणे आणि परत येणे, या दोन्ही गोष्टी दयेतच मोडतात. आम्ही त्या मुलाला कोणाच्या हाती सोपविले नाही, आणि परतही गेलो नाही.

म्हणून वाचकहो, मोठ्या योजना नव्हे, चार लहान गोष्टी मागतो. पांढुर्णा २०२३ साली स्वतंत्र जिल्हा झाला, सौंसर त्यात आले. नव्या जिल्ह्याच्या रुग्णालयात मानसशास्त्रज्ञाची जागा असावी व ती भरलेली असावी, असा अर्ज प्रत्येक मंडळीने करावा. १४४१६ हा ‘टेलिमानस’चा क्रमांक मंडळीच्या फलकावर लिहावा, ऑक्टोबर २०२२ पासून ही सेवा रात्रंदिवस विनामूल्य मिळते. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी, एखादे मूल अचानक गप्प झाले तर त्याला उभे करून पाठ म्हणावयास लावण्याऐवजी, वर्ग सुटल्यावर त्याच्याशेजारी बसावे आणि गरज दिसल्यास घरच्यांशी बोलून त्याला जाणत्याकडे न्यावे. आणि आजाऱ्याची भेट घेणाऱ्यांनी पहिली भेट शेवटची समजू नये.

त्या आईच्या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी आजही पुरते नाही. मनातले कोणी एकट्याने काढीत नाही. डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ, पाळक, शेजारी असे पुष्कळ हात लागतात. त्यांतला एक हात आपला होता. तो आम्ही फार लवकर मागे घेतला, एवढे मात्र आम्हांला ठाऊक आहे.