टक्के आणि रुपये

लक्ष्मीपूजनाला घरातली पासबुके आणि ठेवींचे कागद चौरंगावर मांडण्याची आमच्याकडे जुनी चाल आहे. आम्ही काही व्यापारी नव्हे. पण वडील करीत, म्हणून मीही करतो. गेल्या वर्षी निवृत्तीसाठी घेतलेल्या म्युच्युअल फंडाचा उतारा मी तेथे ठेवीत होतो. धाकट्या मुलीने तो उचलला, खालीवर पाहिला आणि विचारले, "बाबा, हे पैसे सांभाळण्याचे आपण वर्षाला किती देतो?"

मला सांगता येईना. कोथिंबिरीच्या जुडीसाठी मी बाजारात पाच मिनिटे घासाघीस करतो. घडणावळ विचारल्यावाचून सोनाराची पायरी उतरत नाही. आणि हयातभराची शिल्लक ज्यांच्या हाती दिली त्यांची मजुरी मला ठाऊक नव्हती!

त्यांनी ती लपविली होती असे मात्र नाही. माहितीपत्रकात दर छापलेला असतो, टक्क्यांत. २०१९ पासून लागू झालेल्या मर्यादेप्रमाणे शेअरांच्या फंडाला तो सव्वादोन टक्क्यांपर्यंत घेता येई. राष्ट्रीय पेन्शन योजनेत निधी सांभाळण्याचे शुल्क फारच कमी. २०२१ च्या दरांत ते जास्तीत जास्त ०.०९ टक्के होते. पण रीत दोन्हीकडे एकच. हे शुल्क युनिटच्या भावातूनच रोज थोडे थोडे वजा होते. उताऱ्यावर त्याची ओळ नसते. हातातून पैसा गेला असे कधी वाटतच नाही.

शिवाय टक्का दिसतो फार गरीब. दरमहा ५,००० रुपये तीस वर्षे भरले आणि दहा टक्क्यांनी वाढले, तर सुमारे १ कोटी १३ लाख होतात. नऊ टक्क्यांनी सुमारे साडेएक्याण्णव लाख. आपण भरतो अठरा लाख, आणि तो एक टक्का एकवीस लाखांहून अधिक घेऊन जातो. २०१६ पासून सहामाही उताऱ्यावर विक्रेत्याचे कमिशन रुपयांत येऊ लागले. तो आकडा पाहून मी दचकलो. दर वर्षानुवर्षे वाचूनही कधी दचकलो नव्हतो.

परताव्याचीही हीच गत. पाच वर्षांत अमुक पट, असे जाहिरात म्हणते. पण पाच वर्षे कधीपासूनची? मार्च २०२० मध्ये बाजार कोसळला होता. तेथून मोजू लागले की कोणताही फंड पराक्रमी दिसतो.

"छापलेले तुम्ही वाचले नाही, तर दोष आमचा का?" असे कोणी विचारील. प्रश्न अगदीच खोटा नाही. रक्कम वाढत होती तोवर मला जाणून घ्यायचेही नव्हते. पण अशा वेळी धर्मराज आठवतो. अश्वत्थामा मारला गेला, हे त्याने मोठ्याने सांगितले. तो हत्ती होता, हे हलक्या आवाजात. खोटा शब्द एकही नव्हता. तरी भूमीच्या चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला. द्रोणांनी कान का टवकारले नाहीत, असे महाभारतकाराने कोठे विचारलेले नाही.

मला अवघड वाटत होते ते निराळेच. ज्यांच्याकडून मी हा फंड घेतला ते गृहस्थ भले आहेत. माझ्या आजारपणात दोन रात्री इस्पितळात बसले होते. अशा माणसाला पैशाचे विचारायचे कसे? तरी यंदा ते गणपतीच्या दर्शनाला आले तेव्हा विचारले, "सगळे धरून माझे वर्षाला किती रुपये जातात हो?"

त्यांनी हातातला मोदक बशीत ठेवला. जरा वेळ गप्प राहिले. मग खिशातून पेन काढून माझ्याच उताऱ्याच्या पाठीवर आकडेमोड करू लागले. "इतक्या वर्षांत हे कोणी विचारले नाही," ते म्हणाले, "आणि मीही कधी मांडून पाहिले नाही." आकडा निघाला तेव्हा तो त्यांनी दोनदा तपासला.