टोपी आणि सारस

परीक्षेचे पेपर तपासताना मास्तराला फारसा विचार करावा लागत नाही. उत्तर बरोबर असेल तर गुण, चूक असेल तर शून्य. हा आमचा वर्षानुवर्षांचा सरळ व्यवहार. पण दोन वर्षांपूर्वी सहामाहीच्या पेपरात मी दिलेले एक शून्य अजून माझ्या मनातून पुसले गेलेले नाही.

प्रश्न अगदी साधा होता : महाराष्ट्राचा राज्यपक्षी कोणता? साऱ्या वर्गाने 'हरियाल' असे लिहिले. एकाच मुलाने लिहिले, 'सारस'. मी लाल पेन्सिलीने फुली मारली. पेपर वाटले त्या दिवशी तो माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

"गुरुजी, थे चूक हाये का जी?"

"चूक नाही तर काय? पुस्तकात काय लिहिले आहे?"

"पुस्तकात हरियाल हाये. पन मी हरियाल पायलोच नाई जी. सारस त आमच्या बांधीत हाये."

वर्ग हसला. मीही हसलो आणि पुढचा पेपर उचलला.

त्यानंतरच्या रविवारी काही कामाने त्याच्या गावाला जाणे झाले. त्याच्या वडिलांनी मला धुऱ्याधुऱ्याने बांधीपर्यंत नेले. पावसाळ्यात सारसाच्या जोडीने तेथे धान मोडून, गवत-पाने ओढून भला मोठा ढीग रचला होता आणि त्यावर दोन अंडी घातली होती. शेजारी म्हणाले, फेकून दे. या गृहस्थाने तेवढा कोपरा सोडून दिला. त्यात खत टाकले नाही, औषध मारले नाही. कुत्री हाकलण्यासाठी धुऱ्यावर पोराला बसवले. तो पोरगा म्हणजेच माझा शून्य मार्कांचा विद्यार्थी! मी नुकसानीविषयी विचारले, तर ते म्हणाले, "पाहुणे हायेत जी. धान का, पुढच्या सालीबी होते."

परतीच्या वाटेवर मला एकाएकी विल्यम टेल आठवला. आमच्या शाळेच्या कपाटातल्या एका जुन्या पुस्तकात त्याची गोष्ट आहे आणि मी ती दरवर्षी मुलांना सांगतो. स्वित्झर्लंडच्या उरी प्रांतात गेसलर नावाच्या जुलमी अधिकाऱ्याने भर चौकात एक खांब रोवला, त्यावर आपली टोपी टांगली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याने त्या टोपीला लवून नमस्कार करावा असा हुकूम काढला. टेल लवला नाही. शिक्षा म्हणून त्याला स्वतःच्या मुलाच्या डोक्यावरचे सफरचंद बाणाने उडवावे लागले. ही कथा खरी घडल्याचा पुरावा इतिहासकारांना सापडलेला नाही. असा माणूस बहुधा झालाच नाही, असे ते म्हणतात. तरीही जर्मन, फ्रेंच, इटालियन आणि रोमान्श अशा चार भाषा बोलणाऱ्या त्या चिमुकल्या देशाने टेलला आपला मानला. अल्टडॉर्फ गावात १८९५ साली त्याचा पुतळा उभा राहिला.

आजवर ही गोष्ट मी शौर्याची म्हणून सांगत आलो होतो. त्या दिवशी तिची दुसरी बाजू माझ्या ध्यानात आली. टोपी हेही एक प्रतीकच होते आणि टेल हेही प्रतीकच. मग एकाला नमस्कार नाकारणारा दुसऱ्या प्रतीकाचा मान कसा पावला? फरक असा की, टोपी माणसाकडून फक्त वाकणे मागत होती. तिच्यावर कुणाचे प्रेम असण्याची गरज नव्हती. भय पुरेसे होते. आणि टेलची आठवण ठेवणाऱ्याला मात्र विचारावे लागते, की वेळ आली तर मी काय गमवायला तयार आहे?

हा विचार मनात आला आणि मी चरकलो. वर्गात खांब रोवून त्यावर हरियालाची टोपी टांगणारा गेसलर मीच तर नव्हे? मुलांनी नाव घोकावे, लिहावे, गुण घ्यावेत. पक्षी पाहिला की नाही, हे मी कधी विचारले होते? मी स्वतः तरी कधी पाहिला होता?

तरीसुद्धा, वाचकहो, मी ते शून्य बदलले नाही. याचे कारण केवळ मास्तरी ताठा नव्हे. प्रत्येकाने आपापल्या बांधीतला पक्षी राज्यपक्षी ठरवला, तर राज्य एक कसे राहील? कोकणातल्या कोळ्याने सारस पाहिलेला नसतो आणि आमच्या धानकऱ्याने समुद्र पाहिलेला नसतो. जे आपल्या अंगणात नाही, पण दुसऱ्याच्या अंगणात आहे, तेही आपलेच, असे मानायला शिकवणे हेच समाईक प्रतीकाचे काम. उरीतल्या जर्मनभाषी टेलला जिनिव्हातला फ्रेंचभाषी आपला म्हणतो, तो याच न्यायाने. गंमत अशी, की आमचा सारस हा उत्तर प्रदेशाचा राज्यपक्षी आहे. म्हणजे त्या मुलाचे उत्तर अगदीच चूक नव्हते. फक्त त्याचे राज्य थोडे मोठे होते.

पण हा न्याय दुतर्फी हवा. महाराष्ट्रात सारस आता उरला आहे तो मुख्यतः गोंदिया-भंडाऱ्याच्या धानपट्ट्यात, आणि तोही हाताच्या बोटांवर फार वेळा मोजावा लागणार नाही इतकाच. २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली, हे चांगलेच झाले. परंतु त्याच्यासाठी धानाचा कोपरा सोडतो तो आमचा शेतकरी. ज्यांच्या बांधीत सारस उतरत नाही, त्यांनी या सोडलेल्या कोपऱ्याची काही आठवण ठेवायची की नाही? २०१५ साली आपल्या राज्याने नीलवंताला राज्यफुलपाखरू केले, तेव्हा देशात ही कल्पना पहिल्याने आपणच काढली, याचा आपल्याला अभिमान वाटला. अभिमान स्वस्त असतो. कोपरा महाग पडतो.

त्या हिवाळ्यात मी वर्गाला घेऊन बाहेर पडलो. गावाबाहेरच्या वडावर, फळांच्या दिवसांत, पिवळ्या पायांच्या हिरव्या कबुतरांचा थवा बसला होता. पानांत ती इतकी मिसळून गेली होती, की बराच वेळ कुणाला दिसेनात. पहिल्याने बोट दाखवले ते त्याच मुलाने. नंतर तोच आम्हां सर्वांना आपल्या बांधीकडे घेऊन गेला. माणसाच्या उंचीचे ते दोन पक्षी कापलेल्या धानात डौलाने चालत होते. त्यांच्यामागे एक पिल्लू होते. वर्ग या वेळी हसला नाही.

यंदाच्या सहामाहीत मी प्रश्नाला एक पोटप्रश्न जोडला : 'राज्यपक्षी काय खातो आणि कोठे राहतो?' सहलीला आलेली मुले आता वरच्या वर्गात गेली. त्यामुळे बऱ्याच पेपरांत ती जागा कोरीच राहिली. दिवाळीच्या सुट्टीत पेपर तपासताना त्या कोऱ्या जागांवर फुली मारायला माझा हात धजेना. तीन वर्षांपूर्वी हा पेपर मला दिला असता, तर ती जागा मीही कोरीच ठेवली असती.