भोंगा कधी वाजावा, हे कोणी ठरवावे?

ताडोबाच्या मोहर्ली परिसरातल्या सीतारामपेठ गावाच्या कडेला २०२३ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे कॅमेरे बसले. वाघ गावाकडे येताना दिसला की यंत्र तो ओळखते आणि माणसांना सावध करते. उपक्रम मोलाचा आहे. पण अशा प्रत्येक यंत्राच्या पोटात एक निर्णय असतो आणि त्याची चर्चा क्वचितच होते. समोरचे जनावर वाघच आहे, अशी यंत्राला पूर्ण खात्री कधीच नसते. त्याच्या हाती असते ती केवळ शक्यता. किती शक्यतेला इशारा द्यायचा, हे माणूस ठरवतो. पातळी खाली ठेवली तर रानडुकरालाही भोंगा वाजेल, आणि रात्रीमागून रात्री उगाच जागे झालेले गाव एक दिवस उठायचेच सोडून देईल. पातळी वर ठेवली तर झोप मिळेल, पण एखादा वाघ नजरेतून सुटेल. यातली कोणती चूक पत्करायची, हे गणित सांगू शकत नाही. म्हणून चुकीची किंमत जो मोजणार, त्याचा शब्द या निर्णयात हवा. व्यवसायात अशी यंत्रे जबाबदारीने वापरण्याचा गाभा मला इथेच दिसतो. माहितीची सुरक्षा आणि कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण ही अंगे महत्त्वाची खरी, पण ती त्यानंतरची.

चंद्रपूरच्या कोळसा खाणी, बल्लारपूरची कागद गिरणी, सूरजागडचे लोहखनिज या मोठ्या उद्योगांची चर्चा नेहमी होते. पण हा प्रश्न सर्वांत उघडा होतो तो तेंदूच्या व्यवसायात. पहाटे रानात जाऊन बाया पाने तोडतात, घरी सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधतात आणि फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, नेतात. तिथे मोजणी होते, खराब पुडे बाजूला पडतात. उद्या एखाद्या ठेकेदाराने या कामाला कॅमेरा लावला, तर मोजणी आजच्यापेक्षा सरळ होण्याचीही शक्यता आहे. ती नाकारण्याचे कारण नाही. मात्र ‘खराब’ची पातळी जरा कडक ठेवली की ठेकेदाराचा माल सुधारतो आणि बाईची मजुरी बुडते. आज ती मोजणाऱ्याशी भांडू शकते. यंत्राशी भांडायचे कसे, आणि तेही माडिया किंवा गोंडी बोलणाऱ्या बाईने? नेदरलँड्समध्ये बालसंगोपन अनुदानाच्या तपासणीत संगणकीय जोखीम-निवड वापरली गेली, हजारो कुटुंबांवर फसवणुकीचा खोटा ठपका बसला आणि जानेवारी २०२१ मध्ये मंत्रिमंडळाला राजीनामा द्यावा लागला. तिथे न्यायालये होती, वृत्तपत्रे होती, तरी दाद मिळायला वर्षे गेली. फळीवर तर हंगामच काही आठवड्यांचा.

यावर पहिला आक्षेप येईल तो अज्ञानाचा: पाने तोडणाऱ्यांना यातले काय कळणार? धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने याचे उत्तर केव्हाच दिले आहे. तिथे अभ्यास गट बसतो, विषय समजून घेतो, आणि निर्णय ग्रामसभेत सर्वसहमतीने होतो. वनहक्क कायद्यासारखा किचकट कायदा या गावाने असाच पचवला, २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक स्वतःच्या हाती घेतले. ज्यांना हे जमले, त्यांना इशाऱ्याची पातळी म्हणजे काय हे समजणार नाही, असे म्हणणे अन्यायाचे आहे. शिवाय त्यांना विचारल्याने यंत्रही सुधारते. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन महिलांचा एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मृत्यू झाला. त्या जंगलात होत्या, गावाच्या वेशीवर नव्हत्या. कॅमेरा कुठे हवा, असे पाने तोडणाऱ्यांना विचारले तर उत्तर वेशीवर थांबणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ग्रामसभाही निर्दोष नसते. चार वजनदार पुरुष बोलतात, ठेकेदाराचा माणूस आधीच भेटून गेलेला असतो. हे खरे आहे. म्हणूनच नुसता ‘ग्रामसभेची संमती’ असा शिक्का पुरेसा नाही. पाने तोडणाऱ्या बायांची स्वतंत्र बैठक आधी व्हावी. वेळ नाही, ही सबब इथे टिकत नाही, कारण तेंदूपानांचे लिलाव आणि करार हंगामाआधीच होतात. ज्या ग्रामसभा स्वतः लिलाव करतात, त्यांनी करारातच लिहून घ्यावे: यंत्राने नाकारलेला पुडा त्याच संध्याकाळी, बाईच्या समक्ष, तिच्या भाषेत बोलणारा माणूस पुन्हा तपासेल, नाकारलेल्या पुड्यांचा हिशेब फळीवर रोज वाचला जाईल, आणि पातळी हंगामाच्या मध्येच ग्रामसभेला न विचारता बदलली, तर त्या दिवसाचे सगळे पुडे चांगले धरून मजुरी द्यावी लागेल.